एका वेळी एकच कागद

“ह्याचा वेग किती म्हणालात?” मामांनी दुसऱ्यांदा विचारलं.

जावेदभाईंनी काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते आणि मामा पाठीमागे हात बांधून, कंबरेत वाकून दोन्ही निरखत होते. जुना माग विकत घ्यायला गेले की ते असेच वाकायचे. मामा म्हणजे माझे सासरे, राजेशम येमूल. सोलापूरच्या पूर्वभागात आमच्या तेलुगू विणकरांत सुना सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला अत्या. गल्लीत मात्र त्यांना ‘नकाशेवाले राजेशम’ म्हणूनच ओळखत, कारण चादरींवरचे, टॉवेलांवरचे, भिंतीवर लावायच्या पटांवरचे नकाशे काढण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. चौकटीचा कागद घ्यायचा आणि एकेक चौकट ब्रशनं भरत जायचं. भरलेली चौकट म्हणजे तिथं धागा वर, कोरी म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडायची, ते पुठ्ठे मागावर चढायचे आणि मामांच्या कागदावरचं फूल चादरीवर उमलायचं.

“ह्याचा वेग जास्त आहे काका,” जावेदभाई म्हणाले. “प्रोसेसर एकदम वरचा. पण रॅम चार जीबी. आणि हा दुसरा, वेगानं जरा कमी, पण रॅम आठ. किंमत दोन्हींची सारखीच. काम काय करणार आहात ते सांगा, मग मी सांगतो कुठला घ्यायचा.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. सून शिकलेली होती ना! बी.कॉम. झाल्यावर कन्ना चौकातल्या क्लासमध्ये मी दोन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि त्याचं सर्टिफिकेट अत्यांनी देवघराशेजारी फ्रेम करून लावलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते असं. मी पुढं होऊन म्हणाले, “डिझाइनचं काम आहे. मेमरी भरपूर हवी.”

“मग आठवाला घ्या.”

“पण मेमरी तर दोन्हींत पाचशे आहे की! इथं लिहिलंय.”

जावेदभाई हसले. वाईट हसले नाहीत, दुकानदार रोजच्या गिऱ्हाइकाला हसतो तसेच हसले. “ताई, ते पाचशे म्हणजे कपाट. फायली ठेवायची जागा. रॅम म्हणजे काम करायची जागा. काका, तुम्ही नकाशा काढताना कुठं बसता?”

“खाली. फरशीवर.”

“एकच कागद घेऊन?”

“एक घेऊन कसं होईल?” मामांना प्रश्नच विचित्र वाटला. “सगळे अंथरावे लागतात. सहा, आठ, कधी दहा. ह्याचा रंग त्याला बघावा लागतो. सगळं अंथरल्याशिवाय मला दिसतच नाही.”

“हां! मग ऐका. प्रोसेसर म्हणजे तुमचा हात. रॅम म्हणजे तुमची फरशी. हात कितीही चलाख असू द्या, फरशी एवढीशी असली की एक कागद गुंडाळून कपाटात ठेवायचा, मग दुसरा काढायचा. तो ठेवायचा, पहिला परत काढायचा. काढण्या-ठेवण्यातच दिवस जातो. आणि ताई, कपाट मोठं म्हणून फरशी मोठी होत नाही.”

मला सगळं समजलं होतं. हे मी आज पुन्हा सांगते, कारण पुढं मी जे केलं ते न समजून केलं असं कुणाला वाटू नये. शब्द न् शब्द समजला होता. पण सासऱ्यांच्या देखत माझी चूक निघाली होती आणि कान गरम झाले होते.

“वेगाला काहीच किंमत नाही का मग?” मी म्हणाले. “आमच्याकडं शंभर धोट्यांचा माग आणि दोनशे धोट्यांचा माग ह्यात माणूस दोनशेचाच घेतो.”

मामांची मान डुलली. पूर्वभागातलं शेंबडं पोरही मागाची किंमत धोटा मिनिटाला किती वेळा पळतो यावर सांगतं. आमच्या हाडांत वेग मुरलेला. मामा म्हणाले, “तेही खरंच हाय की ओ. हळू माग घेऊन काय करायचं?”

“काका, हा माग नाही...” जावेदभाई म्हणायला लागले.

“वेगाचाच द्या,” मी म्हणाले.

“वरू म्हणेल तो,” मामा म्हणाले आणि सुनेचा शब्द राहिला म्हणून माझ्याहून जास्त तेच खूश झाले. माझं नाव वरलक्ष्मी. वरू म्हणणारे घरात ते एकटेच.

लॅपटॉप घ्यायची पाळी आली होती ती मुरलीशेठमुळं. मामा ज्या कारखान्यासाठी नकाशे काढायचे त्याचे मालक मुरलीशेठ. दसऱ्याला त्यांच्याकडं नवे माग येणार होते, पुठ्ठ्यांवर न चालणारे. त्यांना नकाशाची फाइल द्यायची, बस. शेठनं मामांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, “अण्णा, पुण्याच्या लेलेबाई एका मोठ्या हॉटेलसाठी भिंतीवरचा पट करून घेणार आहेत. बावीस तारखेला येतील. तुम्ही नकाशा कॉम्प्युटरवर काढून दाखवा. बाई समोर बसून बदल सांगतील, ते तिथल्या तिथं करायचे. जमलं तर कारखान्याचे डिझायनर तुम्हीच. नाही जमलं तर सुरतचा एक माणूस बघून ठेवलाय. माझा नाइलाज आहे.”

म्हणजे हातात चोवीस दिवस होते. आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं त्या चोवीस दिवसांत नवा हात शिकायचा होता.

ते शिकले. ही गोष्ट लोकांना माहीत नाही. पूर्वभागात आजही सांगतात की राजेशमला कॉम्प्युटर जमला नाही. पण मी शेजारी बसलेले होते, मला माहीत आहे. पहिले दोन दिवस माउस त्यांच्या हातात उंदरासारखाच पळाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, “तू सर. मला हात बसवू दे.” आठव्या दिवशी ते चौकटी भरायला लागले. बाराव्या दिवशी त्यांनी मलाच एक युक्ती दाखवली, रंग उचलून दुसरीकडं टाकायची. मी दोन महिन्यांच्या कोर्सात ती शिकलेच नव्हते.

“हे तर ब्रशहून सोपं हाय गं,” ते म्हणाले. “हात थरथरला तरी चौकटीबाहेर जात नाही. आता मी सत्तरीपर्यंत काम करीन बघ.”

त्या दिवसांत घरात सण असल्यासारखं वाटायचं. नवरा, नागेश, भिवंडीला कामाला होता. त्याला फोन करून अत्या रोज सांगायच्या, तुझा बाप कॉम्प्युटरवर बसतो म्हणून.

नकाशा होता ज्वारीच्या शेताचा. हुरड्याला आलेली कणसं आणि त्यांवर उतरलेला पाखरांचा थवा. एक्केचाळीस पाखरं. दुसरा कुणी असता तर त्यानं चार पाखरं काढून तीच उलटसुलट फिरवली असती, कुणाच्या बापाला कळलं नसतं. मामांना ते चालायचं नाही. एकही पाखरू दुसऱ्यासारखं नव्हतं. एक चोच पुसत होतं, एक भांडत होतं, एक नुसतंच बसलं होतं. रंगांचे आठ मोठे कागद त्यांनी आधी हातानं काढले होते. ते स्कॅन करून आत घेतले आणि त्यांच्याकडं बघत बघत ते पडद्यावर नकाशा भरत होते. पहिला कागद, दुसरा, पाचवा, परत पहिला. फरशीवर अंथरायचे तसेच इथं आठही उघडून ठेवायचे. घरात नकाशा अंथरला की आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायचो, अत्या जेवणाची ताटं डोक्याच्या वर धरून न्यायच्या. आता फरशी मोकळी झाली होती आणि अत्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पंधराव्या दिवशी सकाळी मामांनी हाक मारली.

“वरू! हे गोल गोल काय फिरालंय?”

पडद्यावर बाणाच्या जागी गोल फिरत होतं. पाखरांवर पांढुरकी साय आली होती. मामांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला होता.

“मी काय तर चुकीचं केलो काय गं?”

“काही दाबू नका,” मी म्हणाले. चार मिनिटांनी ते आपोआप सुटलं. दुपारी पुन्हा अडलं. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तर मशीन बंदच पडलं आणि सकाळपासून भरलेली सहा पाखरं गेली. मामा डोळ्यावरचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग परत पहिल्या पाखरापासून सुरुवात केली.

त्या दुपारी मामा जेवायला उठले तेव्हा मी मशीनसमोर बसले. कोर्समध्ये शिकवलं होतं त्याप्रमाणं तीन बटणं दाबून आतलं काम दाखवणारी खिडकी उघडली. तिथं दोन आकडे होते. प्रोसेसर: अकरा टक्के. मेमरी: अठ्ठ्याण्णव टक्के.

म्हणजे हात मोकळा बसला होता आणि फरशीवर मुंगीला जागा नव्हती.

मी अंगणात जाऊन जावेदभाईंना फोन केला. ते म्हणाले, “ताई, घेऊन या. आत एक पट्टी बसवायची, दहा मिनिटांचं काम आहे. आठ होऊन जाईल.” ते एवढंच म्हणाले. ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर कदाचित मी चिडून तरी गेले असते.

दहा मिनिटं. रिक्षानं नवी पेठेतलं त्यांचं दुकान वीस मिनिटांवर. मी मशीन उचलून “जाऊन येते” म्हणायचं होतं. पण मामांनी विचारलं असतं, काय झालं? आणि मग दुकानातलं ते बोलणं, फरशी, कपाट, सगळं त्यांना आठवलं असतं. तो माणूस गरीब होता पण विसराळू नव्हता. “जावेदनं सांगितलं होतं की गं,” असं ते म्हणाले असते, बस, त्याहून जास्त काही म्हणाले नसते. मला तेवढंही ऐकायचं नव्हतं. देवघराशेजारची फ्रेम माझ्याकडं बघत होती.

मामा हात पुसत आले. “कळलं काय गं काय झालं ते?”

“कळलं,” मी म्हणाले. “मामा, तुम्ही पसारा फार करता. आठ-आठ कागद उघडायचे नसतात कॉम्प्युटरवर. म्हणून ते अडतं. एका वेळी एकच कागद उघडायचा.”

“एकच?”

“एकच. सगळे तसंच करतात. सुरतवालेसुद्धा.”

सुरतवाल्यांबद्दल मला काडीचं माहीत नव्हतं. पण मामांचा चेहरा उतरला आणि त्यांनी मान हलवली. “माझीच सवय वाईट. फरशीवरची सवय इथं आणलो मी.”

राहिलेले आठ दिवस त्यांनी एकेक कागद उघडून काम केलं. पहिला उघडायचा, रंग डोळ्यांत धरायचा, तो मिटायचा, नकाशा उघडायचा. मध्येच विसरायचे. परत मिटायचं, परत उघडायचं. पस्तीस वर्षं सगळं समोर अंथरून बघणारा माणूस, त्याला मी भोकातून बघायला लावलं. त्यांचा वेग निम्म्यावर आला. कधी नकळत दुसरा कागद उघडला जायचा आणि ते स्वतःच्याच हातावर चापट मारायचे. एकदा मी ते पाहिलं आणि आत जाऊन भाजी चिरत बसले.

तरी नकाशा पुरा झाला. एकवीस तारखेला एक्केचाळिसावं पाखरू बसलं. अत्यांनी साखर वाटली.

बावीसला आम्ही दोघं कारखान्याच्या ऑफिसात गेलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. लेलेबाई पन्नाशीच्या, बारीक, डोळ्यांत खरं कौतुक असलेल्या बाई होत्या. नकाशा पडद्यावर आला तशा त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि एकेक पाखरू बोटानं टिपत गेल्या.

“ही सगळी पाखरं वेगवेगळी आहेत?”

“होय की ओ बाई,” मामा म्हणाले. “थव्यात सारखं कोण असतंय?”

“काका, हे फार सुंदर आहे. खरंच सांगते, इतकं बघितलं मी, पण असं नाही बघितलं.”

मुरलीशेठनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. काम झालं होतं. जवळजवळ झालंच होतं.

“फक्त एक करूया,” लेलेबाई म्हणाल्या. “वरच्या थव्याचा पिवळा जरा हळदीसारखा हवा होता. तुम्ही रंगाचे मूळ कागद केले असतील ना? ते शेजारी शेजारी दाखवता का? म्हणजे मला ठरवता येईल.”

शेजारी शेजारी. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून, इतकी हळू की बाईंना दिसू नये. मामांना ती दिसली. पण समोर गिऱ्हाईक म्हणत होतं दाखवा, आणि कागद दाखवा म्हटल्यावर ते अंथरायचे एवढंच त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांनी पहिला उघडला. दुसरा उघडला. तिसरा उघडताना गोल फिरायला लागलं.

मामांनी परत दाबलं. मग परत. घाबरलेला माणूस बंद दार ठोठावतो तसे ते दाबत गेले. पडदा पांढरा झाला. पाखरं गेली. मामांनी हात माउसवरून असा उचलला की जणू तवा लागला. सदरा पाठीला चिकटला होता.

“मी काय केलो गं वरू?” ते मला तेलुगूत पुटपुटले. घरातलं बोलणं बाहेरच्यांपुढं ते कधी आणत नसत.

पाच मिनिटं गेली. पंख्याखाली लेलेबाईंचे कागद फडफडत होते. मुरलीशेठ खुर्चीत मागं रेलले आणि हसत म्हणाले, “काय अण्णा, नाचता येईना अंगण वाकडं?”

मामा त्यांच्याबरोबर हसले. शेठ हसला की कामगार हसतो, तसं. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते कुणी वाकडं केलं हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

लेलेबाईंना हसू आलं नाही. त्या सरळ माझ्याकडं वळल्या. “मशीनमध्ये काही दोष आहे का हो? तसं असेल तर मी उद्या पुन्हा येईन. मला काही घाई नाही.”

आजही मला तो क्षण पावलापावलानं आठवतो. बाईंनी दार सताड उघडून धरलं होतं. ‘हो मॅडम, रॅम कमी पडते, आज बसवून आणते,’ एवढं एक वाक्य. मामा घरी ताठ मानेनं गेले असते. मी तोंड उघडलं.

“नाही मॅडम, मशीन चांगलं आहे. सगळ्यात वेगाचं घेतलंय. मामांना अजून सवय नाही.”

मामांनी मान डोलावली. माझ्या खोट्यावर त्यांनी आपला शिक्का मारला. “होय बाई. मशीनला नाव ठेवू नये. माझाच हात.”

“अण्णा, उठा तुम्ही,” मुरलीशेठ म्हणाले. “वरलक्ष्मी, तू बस बघू.”

मी बसले. मशीन बंद करून चालू केलं. नकाशाची फाइल तेवढी उघडली, दुसरं काहीही नाही. हळदीचा पिवळा कुठल्या नंबरचा ते मला पाठ होतं. मी तो नंबर टाकला. वरचा थवा हळदीचा झाला. लेलेबाई म्हणाल्या, “वा.” दोन-तीन बदल त्यांनी आणखी सांगितले, तेही झाले. मामा माझ्या खुर्चीमागं उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

बाई गेल्यावर शेठ म्हणाले, “ठरलं. उद्यापासून वरलक्ष्मी बसेल. अण्णा, तुमची दृष्टी आणि हिचा हात. तुम्ही घरून सांगत जा तिला. सुरतवाल्याला नको म्हणून कळवतो.”

“बरं झालं,” मामा म्हणाले. “घरातच राहिलं.”

रिक्षात ते वाटेत दोनदा तेच म्हणाले. घरातच राहिलं. मी लॅपटॉप मांडीवर धरून बसले होते.  

दोन दिवसांनी मी एकटी जावेदभाईंकडं गेले. त्यांनी मशीन उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि बोटाएवढी हिरवी पट्टी आत दाबली. घड्याळ बघितलं नाही, पण चहा यायच्या आत झालं. मी तिथंच आठही कागद उघडले. मग नकाशा. मग मुद्दाम आणखी चार कागद. काही अडलं नाही. पाखरं लख्ख होती. जावेदभाई म्हणाले, “काका खूश होतील.” मी त्यांना म्हटलं, “काकांना सांगू नका.” त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

घरी येऊन मी मामांना म्हणाले, “आता अडत नाही. बसून बघा ना.”

“का गं? काय केलीस?”

“काही नाही. साफ केलं आतून.”

ते दोन पावलं पुढं आले. मग थांबले. “नको. चांगलं चाललंय, उगीच माझ्या हातानं बिघडंल.”

तेव्हा सांगायचं होतं. पुढच्या आठवड्यात सांगायचं होतं. पट विणून झाला आणि शेठनं सगळ्या कारखान्यापुढं ‘आमच्या वरलक्ष्मीचं डिझाइन’ म्हणून तो उलगडला, तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. मामा पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण खोटं शिळं झालं की जास्त जड होतं. मी रोज उद्यावर ढकलत गेले.

घरून सांगायचं ठरलं होतं, ते महिनाभर चाललं. मग मामा सांगेनासे झाले. मी विचारलं की म्हणायचे, “तुला जास्त कळतंय.” एक दिवस त्यांनी ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि शेजारच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना देऊन आले. दारात चप्पल काढताना म्हणाले, “तिथं उपयोग होईल.” अत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आणि मग ते कशालाच हात लावेनासे झाले. आधी टीव्हीचा रिमोट. “वरू, जरा लाव गं.” मग मिक्सर. मग गॅसचा लायटर. घरात नवीन काही आलं की ते लांबून बघायचे, पाठीमागे हात बांधून. ज्या हातांनी एकेक धागा वर-खाली केला होता, ते हात आता फक्त बांधलेलेच दिसायचे. लोक विचारायचे, अण्णा, काम का सोडलंत? तर हसून सांगायचे, “आमची सून हुशार. माझं डोकं चाललं नाही बघा त्याच्यापुढं.” हे ते अभिमानानं सांगायचे. माझ्या माहेरच्यांनाही सांगितलं. माझ्या मुलाच्या बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं.

तीन वर्षं अशी गेली. नागेशनं भिवंडीहून वडलांसाठी मोबाइल पाठवला होता. एक दिवस अत्या देवळात आणि मी मुलाला घेऊन दवाखान्यात. भरदुपारी परत आले तर मामा ओसरीवर बसलेले, समोर पाटावर मोबाइल.

“फोन आलता,” ते म्हणाले. “लय वेळा वाजला. नागेशचा फोटो येत होता.”

“मग उचलला नाही?”

“हात लावलो नाही मी. बिघडला असता.”

मी उचलून पाहिलं. अकरा वेळा आला होता. विशेष काही नव्हतं, त्याला नुसतं बोलायचं होतं. पण अकरा वेळा मुलाचा चेहरा समोर उजळला आणि तो माणूस गुडघ्यांना मिठी मारून नुसता बघत बसला होता.  मुलाला खाली ठेवलं आणि मी त्यांच्यापुढं फरशीवरच बसले.

सगळं सांगितलं. दुकानातलं बोलणं, वेग, कपाट, फरशी. अकरा टक्के आणि अठ्ठ्याण्णव टक्के. अंगणातून केलेला फोन. लेलेबाईंनी विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. हिरवी पट्टी. “मामा, तुमचा हात कधीच चुकला नव्हता. मशीन कमी पडत होतं. ते मी निवडलं होतं. आणि कळल्यावरही मी गप्प बसले.”

 माझं झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. शिवी देतील, उठून जातील, काहीही. मी त्याचीच वाट बघत होते, तीन वर्षं.

मामा हसले. पुढं वाकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“किती गं गुणाची तू,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याचं मन राखायला एवढं सगळं रचलीस?”

“मामा, रचलं नाही. खरं सांगते मी.”

“टक्के बिक्के पण घातलीस त्यात.” त्यांना खरोखर गंमत वाटत होती. तेवढ्यात अत्या देवळातून आल्या, तर त्यांना म्हणाले, “ऐकलीस काय? पोरगी म्हणते माझी चूकच नव्हती. सगळं आपल्या अंगावर घ्यायलीय.” अत्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं की मला तिथं बसवेना.

“तुमची शपथ मामा,” मी म्हणाले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. “ह्याची शपथ.”

मामांचं हसू एकदम गेलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मुलाच्या डोक्यावरून माझा हात हळूच काढून घेतला.

“लेकराची खोटी शपथ घेऊ नये,” ते म्हणाले. “माझ्यासाठी तर अजिबात घेऊ नको. मला कळलंय गं माझं. मी कवाच समजून घेतलो.”

ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली.